आपल्या माणसाची बाटली

माझी बायको जाऊन अकरा महिने झाले. भेटायला येणारा प्रत्येक जण बोलता बोलता त्या अठरा दिवसांवर येतो आणि मला समजावतो, की अठरा दिवसांनी काही फरक पडला नसता. डॉक्टरीणबाईही तेच म्हणाल्या. माझी मुलगीही तेच म्हणते. खरं असेल. पण ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. ते दिवस तिचे होते, आणि ते मी वाया घालवले. कसे, ते सांगतो.

आम्ही दोघं एकाच इस्पितळात कामाला होतो आणि दोघंही तळघरात. मी धुलाईखोलीत मोठी मशिनं चालवतो. बोळ ओलांडला की समोर शिवणखोली, तिथे ती. फाटलेल्या चादरी, उसवलेले अभ्रे, पेशंटचे गाऊन, सगळं आधी माझ्याकडे धुऊन निघायचं आणि मग तिच्याकडे जायचं. तिच्या खोलीत तीन शिलाई मशिनं आणि एक मावशी. ही मावशी कुणाचीच मावशी नव्हती. शिवणखोलीची मुख्य होती आणि सगळं इस्पितळ तिला मावशी म्हणायचं, तिच्याहून मोठी माणसंसुद्धा.

गाठ तिच्या हाताला आंघोळ करताना लागली. मला तिने आठ दिवसांनी सांगितलं.

"आठ दिवस काय करत होतीस?"

"वाट बघत होते. जाते का आपोआप."

"पाहुणा आहे का तो, कंटाळून जायला?"

"ओरडू नका. सांगितलं ना आता."

मी ओरडलोच. मला भीती वाटली की मी ओरडतो. तिला ते माहीत होतं, म्हणून ती भांडी घासत राहिली.

मंगळवारी तपासणी ठरली. सोनोग्राफीच्या खोलीत, सुईने गाठीचे तुकडे काढून. बाहेरच्या बाकावर तिच्या शेजारी आणखी एक बाई बसली होती, शाळेची बस चालवणारी. दोघींची चांगली गट्टी जमली. बसवाली आधी आत गेली आणि बाहेर येऊन म्हणाली, "दुखत नाही फार. बसच्या दारात बोट सापडतं ना, त्याच्या निम्मं." मग ही आत गेली.

बाहेर आल्यावर तिने पहिली तक्रार केली ती गाऊनची. "तीनपैकी एकच नाडी. तीही मीच लावलेली, माझा टाका मला कळतो. बाकीच्या दोन कुठे गेल्या? तुमचं मशीन नाड्या खातं."

"मशीन नाही खात. पेशंट ओढतात."

"मी नाही ओढली. एका हाताने धरून पडून राहिले."

मग जिना उतरताना तिने बाकीचं सांगितलं. आधी बधिर करायचं इंजेक्शन. मग खट्ट असा आवाज. आवाज होणार म्हणून आधी सांगतात, तरी माणूस दचकतो. असं पाच वेळा. तुकडे तिने पाहिले, छोट्या बाटलीतल्या औषधी पाण्यात. "पांढऱ्या दोऱ्याच्या कातरणीसारखे. एवढ्याशासाठी एवढी मोठी सुई." डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की चार-पाच दिवसांत रिपोर्ट येईल.

मावशीने तिला त्या दिवशी मशीनवर बसू दिलं नाही. मी दुपारी कँटीनमध्ये गेलो, आणि जे करायला नको होतं ते तिथे केलं.

लॅबमध्ये एक शिपाई आहे. इतका बारीक की सगळे त्याला काडी म्हणतात. वीस वर्षांची ओळख. त्याचे पांढरे डगले मी इतर कपड्यांत टाकत नाही, वेगळे धुऊन, कडक इस्त्री करून वर पाठवतो. मी त्याच्या समोर चहा घेऊन बसलो आणि म्हटलं, "आमच्या घरचं आलंय तुझ्याकडे आज. जरा आपलं म्हणून बघ."

"वहिनींचं?" त्याने कप खाली ठेवला. "अहो दादा, मग आधी नाही का सांगायचं? ट्रे अजून बाहेरच आहे. थांबा, मी बाजूला काढतो. लॅबच्या मोठ्या डॉक्टरांच्याच हातात देतो. त्या नव्या पोरांच्या हातात नको."

"फार उपकार होतील."

"उपकार कसले? आपल्या माणसाचं काम."

लॅबची पद्धत अशी आहे. सगळ्या खोल्यांमधून बाटल्या एका ट्रेमध्ये येतात. तीन वाजता खिडकीवरची बाई एकेक उचलते, रजिस्टरात नाव लिहिते, नंबर देते आणि तोच नंबर बाटलीवर चिकटवते. एकदा नंबर पडला की बाटली हरवत नाही, कारण रोज संध्याकाळी नंबर मोजून बघतात. ज्या बाटलीला नंबर नाही तिची कुणी चौकशी करत नाही. ही काही मला समजावून सांगायची गोष्ट नाही. माझ्या खोलीत चिठ्ठी नसलेलं गाठोडं आलं की मीच वॉर्डाच्या माणसांवर खेकसतो.

काडीने बाटली नंबर पडायच्या आधी उचलली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी हलक्या पावलांनी खाली आलो. जग जिंकल्यासारखं वाटत होतं.

संध्याकाळी मी तिला म्हटलं, "तुझं खास बघणार आहेत म्हणे. मोठ्या डॉक्टर स्वतः."

"कोण म्हणालं?"

"वरून कळलं."

"माझंच खास का?"

तिला वशिला आवडत नसे. रेशनच्या रांगेत ओळखीच्या माणसाने पुढे बोलावलं तरी ती जायची नाही. म्हणून मी लपवलं. मला वाटलं, रिपोर्ट हातात आला की हसत हसत सांगू.

चौथा दिवस गेला, पाचवा गेला. इस्पितळात काम करणाऱ्या माणसाने रिपोर्टची वाट बघणं फार वाईट. बाहेरचा पेशंट घरी जातो आणि फोनकडे बघत बसतो. हिला रोज त्याच इमारतीत यायचं होतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचं तोंड बघायचं होतं. लिफ्टवाला म्हणाला, "बरं आहे ना ताई?" ती खाली येऊन मला म्हणाली, "याला कळलंय. कधी विचारत नाही तो." मावशीने तिला नुसते अभ्रे शिवायला दिले, हलकं काम म्हणून. "मावशीलाही कळलंय. मला अभ्रे देते." मावशीला काही कळलेलं नव्हतं. मावशीला फक्त माया होती.

मुलीचा फोन रोज यायचा. "आई, सकारात्मक विचार कर."

"रिपोर्ट काय माझे विचार वाचून लिहिणार आहेत का गं?"

"तसं नाही, पण..."

"मग ठेव. दोरा संपलाय माझा."

सहाव्या दिवशी, सोमवारी, बसवाली शिवणखोलीच्या दारात उभी राहिली. तिचा रिपोर्ट आला होता. काही निघालं नव्हतं, साधी गाठ. खास सांगायला ती तळघर शोधत आली होती. माझ्या बायकोने उठून तिला मिठी मारली. तिला खरंच आनंद झाला, मी बोळातून बघत होतो. बसवाली गेल्यावर ती माझ्या खोलीत आली. मशीन फिरत होतं, म्हणून तिला मोठ्याने बोलावं लागलं.

"तिची नि माझी बाटली एकाच ट्रेमध्ये गेली!"

"हो."

"मग तिचं आलं आणि माझं का नाही?"

"खास बघतायत म्हटलं ना."

"चांगलं असलं की लगेच देतात. वाईट असलं की दोनदा बघतात. हो की नाही?"

"तसं काही नसतं."

"मग कसं असतं? सांगा ना!"

मी झाकण उघडून चादरी बाहेर काढायला लागलो.

त्याच दिवशी मी वर जायला हवं होतं. पंचवीस पायऱ्या आणि एक वळण. मला कळलं होतं की काडी रजेवर गेलाय, त्याचे वडील जिन्यावरून पडले आणि तो गावी गेला. मनात पाल चुकचुकली. पण मला वाटलं, जाण्याआधी त्याने दिलीच असेल बाटली. आणि वर जाऊन विचारायचं म्हणजे काय विचारायचं? 'तुम्ही माझं काम केलं का?' असं? त्याचा बाप आजारी, त्यात मी अविश्वास दाखवायचा? खिडकीवरच्या बाईला विचारावं, तर बाटली ट्रेमधून उचलल्याचं फुटणार आणि काडीची नोकरी अडचणीत येणार. अशी भीड. एका माणसाला वाईट वाटेल म्हणून मी गप्प बसलो आणि माझी बायको बारा दिवस आणखी जळत राहिली. हे आता लिहितानासुद्धा मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

ती रोज विचारायची. सकाळी निघताना, दुपारी डबा खाताना. "का हो उशीर होत असेल?" आणि मी रोज तेच उत्तर द्यायचो. नवव्या-दहाव्या दिवसापासून ती जेवण अर्धं टाकायला लागली. एका गाऊनच्या तिन्ही नाड्या तिने उलट्या बाजूला शिवल्या. मावशीने त्या न बोलता उसवल्या, तर ही मावशीवर भडकली. "चूक झाली तर तोंडावर सांगा ना! सगळे माझ्याशी गोड काय वागताय?"

डॉक्टरीणबाईंकडे ती दोनदा जाऊन आली. त्यांनी दोन्ही वेळा सांगितलं की लॅबमधून अजून आलं नाही, मी विचारते. त्यांच्यामागे शंभर पेशंट. त्या विसरल्या असतील, किंवा त्यांनी विचारलं असेल आणि कुणी नीट बघितलं नसेल.

अठराव्या दिवशी, शनिवारी, ती मला न सांगता लॅबच्या खिडकीवर गेली. रांगेत उभी राहिली. तिचा नंबर आल्यावर बाईने रजिस्टरात बोट फिरवलं, एकदा, दोनदा, आणि म्हणाली, "या नावाचं आमच्याकडे काही आलेलंच नाही."

मला मावशीने वर पाठवलं. मी पोचलो तेव्हा ती खिडकीला धरून उभी होती आणि ओरडत होती. माझ्या बायकोला ओरडताना इस्पितळातल्या कुणी कधी ऐकलं नव्हतं.

"आलं नाही म्हणजे? पाच वेळा सुई खुपसलीत मला! ते गेलं कुठे? वाऱ्यावर उडालं?"

एक तरुण डॉक्टर बाहेर आला. शोधाशोध सुरू झाली. मी काडीचं नाव न घेता बाजूला उभा राहिलो. शेवटी खिडकीवरच्या बाईने काडीला फोन लावला. सगळ्यांना ऐकू यावं म्हणून तिने फोन टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला.

"काय रे, मंगळवारची एक बाटली रजिस्टरात नाही. तुला काही माहीत आहे?"

काडी म्हणाला, "अरे देवा. खालच्या कपाटात. डाव्या बाजूला, मोठ्या बाटल्यांच्या मागे. मोठ्या डॉक्टर चार दिवस बाहेरगावी होत्या, त्या आल्या की देणार होतो... तेवढ्यात बाबा पडले. अहो, धुलाईवाल्या दादांनीच सांगितलं होतं, आपलं म्हणून बघ. म्हणून मी..."

बाईने फोन बंद केला.

बाटली सापडली. तिच्यावर रबर लावून एक चिठ्ठी गुंडाळली होती. 'आपल्या वहिनी. मोठ्या डॉक्टरांना हातात देणे.' नाव नाही, गाव नाही. जगात एकच वहिनी असल्यासारखं.

माझ्या बायकोने चिठ्ठी वाचली. मग माझ्याकडे बघितलं. ती जिना उतरून खाली गेली आणि मशीनवर बसली.

तुकडे इतके दिवस त्या औषधात राहिल्याने एक तपासणी नीट होणार नव्हती. कोणतं औषध लागू पडेल हे ठरवणारी ती तपासणी होती. तरुण डॉक्टर खाली येऊन तिला म्हणाला, "पुन्हा घ्यावे लागतील. सोमवारी. आम्ही स्वतः लक्ष घालू."

"लक्ष घालू नका," ती म्हणाली. "नंबर घाला."

रविवारी घरी ती माझ्याशी बोलली. भाजी चिरत होती आणि मी समोर बसलो होतो. मला आधी शिव्या हव्या होत्या. शिव्या देऊन माणूस मोकळं होतं.

"तुम्हाला माहीत होतं."

"बाटली कपाटात आहे हे नव्हतं माहीत."

"ते नव्हे. मी रोज विचारत होते, उशीर का होतोय. मी समजले, मला मोठं काहीतरी आहे म्हणून खास बघतायत. अठरा दिवस मी मरून बसले होते. आणि कारण तुमच्या खिशात होतं. एकदा म्हणाला असतात, अगं मीच सांगितलंय काडीला, तर मी त्याच दिवशी वर गेले असते."

"म्हणूनच नाही सांगितलं."

"का?"

"तू वर गेली असतीस. काडीला वाईट वाटलं असतं."

सुरी थांबली. दार वाजवून चुकीचं घर विचारणाऱ्या अनोळखी माणसाकडे बघावं, तसं तिने माझ्याकडे बघितलं. मग ती म्हणाली, "काडीला," आणि पुन्हा चिरायला लागली.

सोमवारी तिने मला सांगितलं, "तुम्ही खालीच थांबा." मी थांबलो नाही. जिन्याच्या वळणावर उभा राहिलो, जिथून लॅबची खिडकी दिसते. ती सोनोग्राफीच्या खोलीतून बाहेर आली, एक हात छातीशी दाबलेला आणि दुसऱ्या हातात बाटली. शिपायाच्या हाती न देता स्वतःच घेऊन आली होती. रांगेत तिच्यापुढे तिघं होते. खिडकीवरची बाई तिला बघून घाईने म्हणाली, "या या, तुम्ही पुढे या." ती हलली नाही. पुढचे तिघं संपल्यावर तिने बाटली ठेवली आणि आपलं पूर्ण नाव सांगितलं, सावकाश, एकेक अक्षर. बाईने नंबर चिकटवला. हिने तो वाचला आणि मगच खिडकी सोडली. वळणावर माझ्यासमोरून गेली. थांबली नाही.

पाचव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. मी दारापर्यंत गेलो. तिने दार माझ्या तोंडावर लावलं नाही, फक्त म्हणाली, "मी एकटी जाते," आणि आत गेली. वीस मिनिटांनी बाहेर आली. चेहऱ्यावरून काही कळेना.

"काय म्हणाल्या?"

"थांबा जरा."

"अगं, सांग ना!"

"थांबा म्हटलं ना. थांबता येतं की नाही बघा."

खाली उतरताना पायऱ्यांवर काडी उभा होता. सकाळीच रजेवरून परत आला होता. दाढी वाढलेली, डोळे लाल. त्याने हात जोडले. "वहिनी, मला काय हवं ते बोला. चपलेने मारा."

"वडील कसे आहेत?" तिने विचारलं.

"खुब्याचं हाड मोडलंय. पडून आहेत."

"मग त्यांच्याकडे बघ. जा कामाला."

तो रडायला लागला. ती त्याच्या बाजूने उतरून गेली. माझं टाळकं सरकलं. मी तिच्या मागे धावलो आणि बोळात तिला गाठलं.

"त्याला असं सोडलंस? बाटली तो विसरला! आणि मी मात्र सहा दिवस तुझं तोंड बघतोय!"

"त्याला मी रोज विचारत नव्हते," ती म्हणाली आणि शिवणखोलीत गेली.

मला दुपारभर काही कळलं नाही. मशिनं चालू होती, मी चादरी भरल्या, काढल्या, पुन्हा भरल्या. दोनदा दारापर्यंत गेलो. दोन्ही वेळा तिची पाठ दिसली, वाकलेली, मशीन चालू. पाच वाजता ती पिशवी घेऊन माझ्या दारात आली.

"आहे," ती म्हणाली.

मी तिथल्या गाठोड्यावर बसलो.

"ऑपरेशन करणार. पुढच्या आठवड्यात. नाव लावून आलेय मी. तुम्ही कुणाला काही सांगायला जाऊ नका."

"नाही जात."

"कुणालाच."

"नाही जात म्हटलं ना!"

मी गेलो नाही. ऑपरेशन झालं, केस गेले, केस आले, मग तो आजार हाडात उतरला. चौदा महिने. एवढ्या दिवसांत ती माझ्याशी हळूहळू पहिल्यासारखी बोलायला लागली, भांडायलाही लागली. ते मला बरं वाटायचं.

शेवटच्या महिन्यात एकदा तिला दाखल करायचं होतं आणि वॉर्डात जागा नव्हती. तिला चाकांच्या स्ट्रेचरवर बोळात ठेवलं, भिंतीला लावून. तिच्याआधी चौघं होते. पलंगांची यादी ठेवणारा माणूस माझा चांगला ओळखीचा. त्याच्या मुलीच्या लग्नाला आम्ही दोघं जाऊन आलो होतो. त्याने काचेतून मला बघितलं आणि भुवया उंचावल्या. म्हणजे विचारत होता, करू का काहीतरी?

ती जागी होती. तिने त्याला बघितलं, मला बघितलं. दुखत होतं तिला, ओठ दातांत धरले होते. नको म्हणाली नाही. हो म्हणाली नाही.

मी मान हलवली नाही. साडेतीन तास स्ट्रेचरची दांडी धरून उभा राहिलो. दर पाच मिनिटांनी वाटायचं, आता जातो, गेली खड्ड्यात ती रांग.

चौघांनंतर तिला पलंग मिळाला. आम्ही तिला उचलून ठेवलं. उशी नीट करताना ती माझ्याकडे बघून म्हणाली, "राहिलात ना गप्प."

ती हे खूश होऊन म्हणाली की राग येऊन, मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.